खिशातलं लोखंड

माझ्याकडे चाकू टिकत नाही. काहींकडे छत्री टिकत नाही, काहींकडे भाडेकरू टिकत नाही, तसं माझं चाकूच्या बाबतीत आहे. लहानपणी परभणीच्या उरुसातून मी एक खटक्याचा चाकू घेतला होता. मोराच्या आकाराची मूठ आणि डोळ्याच्या जागी लाल खडा. खटका दाबला की पातं बाहेर येतं, हे दुकानदारानं दाखवलं. ते आत कसं जातं हे त्यानं दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही. उघडा चाकू समोर धरून मी अख्ख्या उरुसातून घरी चालत आलो. एवढ्या गर्दीत लोकांनी मला आपणहून वाट करून दिली, असं आयुष्यात त्या एकाच वेळी घडलं. वडिलांनी तो दारातच काढून घेतला आणि मला दिलं ते दुसरंच काहीतरी.

दुसरा चाकू लग्नातला. आमच्याकडे नवरदेवाला हळद लागली की हातात लोखंड देतात, बाहेरचं काही बाधू नये म्हणून. मला घडीचा चाकू दिला होता, पात्याच्या टोकाला लिंबू खोचलेलं. गडबडीत लिंबू कुठंतरी पडलं. चाकू मी तसाच मागच्या खिशात सरकवला आणि पंगतीत बसलो. त्यानंतरचे बरेचसे विधी मी उभ्यानंच पार पाडले. सासरच्यांना वाटलं, जावई काय नम्र आहे, वडीलधाऱ्यांसमोर बसतसुद्धा नाही. माझे मोठे मेहुणे रामकिशनराव हे कौतुक कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगत. खरं कारण फक्त चंदाला ठाऊक होतं, कारण मलमपट्टी तिच्याकडे आली. नवीन नवरीला असा संसार सुरू करावा लागला.

तिसरा चाकू कचेरीतला. पाकिटं फोडायला घेतला होता. तो आमच्या साहेबांनी आंबा कापायला म्हणून मागितला आणि त्या आठवड्यात त्यांची बदली झाली. साहेब गेले, चाकू गेला, आणि साली-कोयी तेवढ्या माझ्या टेबलावर राहिल्या. त्यावर चंदानं जाहीर केलं की यापुढं मी धारेच्या वस्तूला हात लावायचा नाही. तेव्हापासून घरात लिंबूसुद्धा तीच चिरायची. पाटबंधारे खात्यातून मी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. कालव्याच्या पाण्यावरून भांडणारी गावं माझ्या टेबलाशी येऊन शांत होत. घरी मात्र पेरू हवा असला तर मला मागून घ्यावा लागे, तोही फोडी केलेला.

ही चंदा गेल्या हिवाळ्यात गेली. पिंगळीच्या शाळेत ती शिक्षिका होती, रोज रेल्वेनं जाऊन येऊन करायची. त्या संध्याकाळी आली, खुर्चीत बसली, म्हणाली, "जरा पाणी द्या." मी पाणी घेऊन येईपर्यंत ते प्यायला कुणी उरलं नव्हतं. इथं काय बोलायचं असतं ते मला अजून सुचलेलं नाही. पेला हातात धरून मी बराच वेळ उभा होतो, एवढं आठवतं.

आम्हाला एकच मुलगी, भक्ती. तिला नांदेडला दिलेली आहे, आणि तेव्हा तिला दिवस गेलेले होते. त्यामुळे अग्नी मी दिला. बोरीहून रामकिशनराव आले आणि त्यांनी सगळा कारभार हातात घेतला. हा माणूस रीतीभातीचा फार पक्का. कुठल्या पायानं उंबरा ओलांडायचा, कुणाच्या हातचं पाणी कधी चालतं, कुणी कुणाच्या मागं बसायचं, हे त्यांना विचारावं लागत नाही, ते आपणहून सांगतात. धाकटी बहीण गेली तरी ते रडले नाहीत. रडायला त्यांना फुरसतच नव्हती. लाकडं कशी रचायची यावरून स्मशानातल्या माणसाशी त्यांचं भांडण चालू होतं.

सरण पेटल्यावर ते माझ्याजवळ आले. "दाजी, अंगावर लोखंड काय हाय?"

"लोखंड?"

"अग्नी दिलेल्या माणसानं दहाव्यापस्तोर लोखंड दूर करायचं न्हाई. झोपताना उशाला, आंघोळीला बाजूला, खाताना मांडीखाली. आन दहाव्याला ते गंगेत सोडायचं."

"का पण?"

"का म्हंजे? असतंय."

जमलेल्या मंडळींनी आपापले खिसे चाचपले. किल्ल्या निघाल्या त्या पितळेच्या. कुणाच्या पट्ट्याचं बक्कल निघालं, ते कशाचं होतं ते कंपनीलाही सांगता आलं नसतं. शेवटी शववाहिनीच्या ड्रायव्हरनं गाडीतला पाना आणून दिला. चाकाचे नट फिरवायचा, हातभर लांबीचा. तो पाना खांद्याशी धरून मी चंदासमोर उभा राहिलो. तिनं हे पाहिलं असतं तर पदर तोंडाला लावून हसली असती, असं मनात आलं आणि मला फार भरून आलं. लोकांना वाटलं, पाना जड झाला. दोघंतिघं तो धरायला पुढं आले.

ड्रायव्हर आमच्या मागोमाग घरापर्यंत आला. पाना गंगेत सोडायचा आहे, हे त्यानं ऐकलं होतं. अंगणात तो अवघडून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, घाई न्हाई. पण मला दुसरी बी फेरी हाय."

म्हणून मग घरात लोखंडाचा शोध सुरू झाला. मध्यमवर्गीय माणसाच्या घरात हल्ली लोखंड नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. डबे स्टीलचे, खुर्च्या प्लॅस्टिकच्या, खिडक्या अॅल्युमिनियमच्या. शेजारचे किशनराव म्हणाले, विळी आहे की. विळी खिशात कशी ठेवणार, असं मी विचारलं. त्यावर ते म्हणाले की पिशवीत ठेवा. रामकिशनराव तव्याकडं बराच वेळ बघत होते. दहा दिवस तवा काखेत मारून फिरणारा निवृत्त हेडक्लार्क माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला आणि मी घाईघाईनं स्वयंपाकघरातली सुरी काढून दिली.

"ह्ये स्टील हाय," रामकिशनराव म्हणाले.

"स्टील म्हणजे लोखंडच," किशनराव म्हणाले. ते शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले आहेत आणि असा प्रसंग आयुष्यात पुन्हा येणार नाही, हे त्यांना कळलं असावं. ते घरी जाऊन जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक घेऊन आले. सुरी टपकन चिकटली. मातीला आलेल्या मंडळींत कुजबुज झाली. किशनरावांनी सुरी पुन्हा सोडवली, पुन्हा चिकटवली.

"चिकटू द्या," रामकिशनराव म्हणाले. "ह्यला गंज चढतोय का?"

"गंज कसा चढेल? त्यात क्रोमियम असतं."

"मग न्हाई. ज्यला गंज चढत न्हाई ते लोखंड न्हाई."

किशनराव चुंबक उलटसुलट करून बघू लागले. आत बायका रडत होत्या आणि बाहेर आम्ही एका सुरीभोवती उभे होतो. ड्रायव्हर दोन्ही बाजूंना मान डोलावत होता, कारण त्याला कुठल्याही निकालानं पाना परत मिळणार होता.

तेवढ्यात भक्ती बाहेर आली. डोळे सुजलेले. तिच्या हातात तिच्या आईची शाळेची पर्स होती आणि दुसऱ्या हातात एक घडीचा चाकू. "हा चालेल का? आईच्या पर्समध्ये होता."

बोटाएवढा चाकू. लाकडी मूठ हाताच्या तेलानं काळी पडलेली. पातं उघडलं तर मागच्या कडेला गंजाचे ठिपके आणि पुढं धार अशी की बघूनच बोट मागं घ्यावं. चुंबकाला चिकटला आणि गंजही दिसला, तेव्हा विज्ञान आणि रीत दोघांचंही समाधान झालं. रामकिशनराव "चालंल" म्हणाले आणि तेराव्याच्या आचाऱ्याचं बघायला बाहेर पडले. पाना ड्रायव्हरकडं गेला आणि चाकू माझ्या सदऱ्याच्या खिशात आला.

पण तो मी कधीही पाहिलेला नव्हता. एवढा संसार झाला, तिच्या चष्म्याचा नंबर, चपलेचं माप, कुठली भाजी तिला बाधते ते सगळं मला पाठ. आणि ज्या घरात मला लिंबाला हात लावायची बंदी, त्या घराची मालकीण रोज पर्समध्ये चाकू घेऊन हिंडत होती. मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर रागच आला. पण ज्याच्यावर रागवायचं ते माणूस नसलं की राग कुठं ठेवावा ते समजत नाही. मी तो खिशात चाकूशेजारी ठेवला.

ते दिवस मी त्या चाकूबरोबर काढले. आंघोळीला तो साबणाच्या डबीत असे. जेवताना मांडीखाली ठेवला की हळदीचा दिवस आठवून मी अंग चोरून बसे. चटईवर पडलं की उशाखाली हात जाई आणि मूठ लागे. तिची बोटं घासून घासून मुठीला एका बाजूला खळगी पडली होती, त्यात माझा अंगठा बरोबर बसायचा. हळूहळू मला त्याची सवय झाली. भेटायला येणारी माणसं उठून गेली, भक्ती पडून राहिली, की त्या घरात माझ्या हाताशी येईल असं चंदाचं एवढंच काय ते होतं. दहाव्याला हा गंगेत सोडायचा, हे आठवलं की मी मूठ आणखी घट्ट धरायचो.

आणि मग नोटीस आली. चंदाला निवडणुकीचं काम लागलेलं होतं. प्रशिक्षणाच्या दिवशी ती गैरहजर राहिली, कारण त्या दिवशी आम्ही तिची राख सावडत होतो. गैरहजेरीचा खुलासा समक्ष करावा, अन्यथा शिस्तभंगाची कारवाई होईल, असं त्यात लिहिलं होतं. मी त्या कचेरीत फोन लावला.

"त्या वारल्या," मी म्हणालो.

"असं का? मग तसा खुलासा द्या."

"कुणी?"

"त्यांनीच द्यायचा असतोय. त्यांना येणं होत नसंल तर घरचं कुणी पाठवा."

हेडक्लार्क म्हणून मला त्या उत्तरात चूक काढता येईना, हे दुःख वेगळंच. मीही खात्यात असताना अशीच उत्तरं दिली असतील, आणि समाधानानं चहा घेतला असेल.

सुतकात बाहेर पडू नये, आणि पडलंच तर एकट्यानं पडू नये, असा रामकिशनरावांचा हुकूम. म्हणून किशनराव त्यांच्या स्कूटरवर मला घेऊन गेले. उघडं डोकं, वाढलेली दाढी, खांद्यावर पंचा, पाय अनवाणी आणि खिशात चाकू. कचेरीला निवडणुकीचा बंदोबस्त होता. दारात चौकटीसारखं यंत्र उभं केलं होतं. मी त्यातून पाय टाकला आणि ते जोरात किंचाळलं.

"खिशात काय हाय, काका?" तिथल्या पोलिसानं विचारलं. तरणा पोरगा होता, छातीवर नाव लिहिलेलं, सिद्धोधन.

"लोखंड," मी म्हणालो. खोटं बोलायची मला सवय नाही.

त्यानं चाकू काढला, उघडला, धार बघितली आणि मग माझ्याकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही मलाच धरलं असतं. किशनराव पुढं सरसावले आणि त्यांनी चुंबकापासून सुरुवात केली. सिद्धोधननं हात वर करून त्यांना थांबवलं आणि मला विचारलं. मी सांगितलं की बायको वारली आहे, आणि हे जवळून दूर करता येत नाही.

त्यानं चाकू मिटला. "काका, आमच्यात ह्ये नसतंय. पण तुमचं दुःख मला समजायलंय. आता ह्यो चाकू घेऊन तुमाला आत सोडलं तर साहेब मला सोडायचे न्हाईत. हितं जमा करा, जाताना घेऊन जा."

"एक पळभरही दूर करायचा नाही असं आहे हो."

त्यानं चौकीत इकडंतिकडं बघितलं. टेबल लाकडाचं, खुर्ची प्लॅस्टिकची. मग त्याचा चेहरा उजळला. भिंतीवरच्या खिळ्याला बेडी अडकवलेली होती, ती त्यानं काढून आणली. "ही धरा. अस्सल लोखंड हाय. फकस्त ही सरकारी, मला सोडता येत न्हाई. एक कडं तुमी धरा, एक म्या धरतो."

माणूस मनानं इतका चांगला होता की नाही म्हणवेना. बेडी त्यानं लावली नाही, नुसती धरायला दिली, हे मी शपथेवर सांगतो. पण लांबून बघणाऱ्याला एवढं बारीक कुठून दिसणार? दाढी वाढलेला, अनवाणी इसम, शेजारी पोलीस, दोघांच्या मध्ये बेडी, अशी आमची वरात कचेरीच्या व्हरांड्यातून निघाली. आतला कारकून आम्हाला बघून उठून उभा राहिला. त्यानं माझा खुलासा वाचलाही नाही, शिक्का मारून दोन्ही हातांनी परत दिला. सरकारी कचेरीत इतक्या लवकर काम झालेलं मी ना टेबलाच्या अलीकडून पाहिलं होतं, ना पलीकडून.

बाहेर येऊन चाकू परत घेतला. सिद्धोधननं सांभाळून जायला सांगितलं. आम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली होती. आमच्या कॉलनीतलं कुणीतरी त्या व्हरांड्यात मतदार यादीत नाव शोधत उभं होतं. बायको गेली आणि नवऱ्याला बेड्या पडल्या, यात लोकांना जोडून घ्यायला फारसं काही लागलं नाही.

किशनराव साक्षीदार होते आणि ते खरं तेच सांगत होते. पण त्यांची सांगायची पद्धत अशी की ते लोहचुंबकापासून सुरू करायचे, क्रोमियमपाशी रेंगाळायचे, आणि एकदाचे बेडीपर्यंत आले की ऐकणारा "असं होय" म्हणून उठून पुढच्या घरी जायचा. पुढचं ऐकायला कुणी थांबतच नसे. दुसऱ्या दिवसापासून भेटायला येणारे दारातच बसू लागले. भाजी-भाकरीचा डबा कठड्यावर ठेवून हाक मारली जाई आणि मी जाईपर्यंत माणूस दिसेनासा होई. भक्तीच्या सासूबाईंचा फोन आला. "व्याही, मनात काही असंल तर मोकळं करा. आन ती चाकूची वस्तू पोरीजवळ काहून ठेवायले? दोन जिवांची हाय ती. दहाव्याला लांब फेकून द्या." मी तीस वर्षं सरकारी नोकरी केली, एक मेमो मिळाला नाही. आणि आता माझ्याच घरात मी संशयित होतो. चंदा असती तर एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद केली असती.

या अफवेचा एकच फायदा झाला. ती पिंगळीच्या गाडीत पोचली आणि बबिता आली. बबिता पिंगळीच्या दवाखान्यात नर्स आहे, चंदाच्या डब्यातली रोजची सोबतीण. ती कुणाकडं न बघता सरळ आत आली, माझ्यासमोर चटईवर बसली आणि म्हणाली, "गाडीत काय काय बोलायलेत लोकं. म्या म्हनलं, जाऊन यावं. बाईंचा नवरा मुंगी मारत न्हाई, आमाला म्हाईत हाय."

मी खिशातून चाकू काढून तिच्यापुढं ठेवला. ती तो बघून रडायला लागली आणि रडता रडता हसली. "ह्यो! ह्यच्यावर आमचा अख्खा डबा जगला, साहेब. पेरू, काकडी, कुणाच्या पोराची चप्पल तुटली तर त्याचा पट्टा. सकाळी शाळेत गेल्या की आधी पहिलीच्या पोरांच्या शिसपेन्सिली तासायच्या. यंत्रानं टोक मोडतंय म्हणायच्या."

"मला कधी बोलली नाही."

बबिता जरा घुटमळली. "त्या म्हणायच्या, त्यांना दिसला तर मागतील. आन हरवतील."

मी चाकू उचलून परत खिशात ठेवला.

"आन दुसरं बी कारण व्हतं," ती म्हणाली. "नोकरी लागली तवा टेशनापासून शाळेपर्यंत शेतातून एकटीनं चालत जायचं. भावानं घेऊन दिल्ता. पण भावानं बहिणीला धारेची वस्तू देऊ नये म्हणत्यात ना, नातं तुटतंय. म्हणून भाऊ म्हनला व्हता, कुणाला दावू नको."

भाऊ म्हणजे रामकिशनराव. उंबरा कुठल्या पायानं ओलांडायचा ते सांगणारे रामकिशनराव. बबिता गेल्यावर मी त्यांना गच्चीवर गाठलं. ते वाळत घातलेली धोतरं उलटी करत होते.

"चाकू तुम्ही दिला होता तिला," मी म्हणालो.

त्यांचा हात थांबला. "कोण म्हनलं?"

"मी तो सोडणार नाही. माझ्याकडं तिचं दुसरं काही नाही. साड्या भक्ती नेईल, पुस्तकं शाळेत जातील. हा मी ठेवणार."

"सोडावा लागंल, दाजी."

"पण तुम्हीच दिलेला ना?"

"म्हणूनच सोडायचा!" ते एकदम ओरडले. मग आवाज खाली आला. "सबंध जिंदगीत एकच गोष्ट रीत मोडून केली म्या. देऊ नये ते दिलं. आन बगा, ती माझ्याआधी गेली. धाकटी असून. आता ती चीज घरात ठिवून पोरीला काय झालं तर जिम्मेदारी कुणाची?"

हृदयाचा झटका होता, डॉक्टरांनी सांगितलंय, असं मी म्हणणार होतो. पण त्यांचा चेहरा बघून बोललो नाही. इतके दिवस हा माणूस लाकडं, आचारी, पंचे, उंबरे यांच्यामागं का धावत होता, ते मला तिथं उन्हात समजलं. तरीही मी चाकू सोडायचा नाही असंच ठरवलं होतं. दुःख त्यांचं होतं तसं माझंही होतं.

दहाव्याला आम्ही गंगाखेडला गेलो. गोदावरीला, म्हणजे आमच्या गंगेला, पाणी कमी होतं, वाळू वर आली होती. माझं डोकं भादरलं, पिंड झाले, गुरुजींनी सांगितलं ते सगळं मी केलं. पंच्याच्या गाठीत मी एक गोटा बांधून ठेवला होता, चाकूएवढाच. ऐन वेळी तो फेकायचा असा बेत होता. हेडक्लार्कीच्या अनुभवावर सांगतो, बेतात काही उणीव नव्हती. गुरुजी म्हणाले, "सोडा आता." मी हात गाठीकडं नेला आणि वर बघितलं. समोर भक्ती उभी होती. एक हात पोटावर ठेवलेला.

"बाबा," ती म्हणाली, "सोडा ना. मला भीती वाटते."

तिला कुणी घाबरवलं ते मला माहीत होतं. भीती खोटी आहे हेही माहीत होतं. पण भीती खोटी असली तरी पोर खरी होती, तिचं पांढरं पडलेलं तोंड खरं होतं. मी गाठ सोडली नाही. खिशातून चाकू काढला, मुठीवरच्या खळगीत एकदा अंगठा ठेवला आणि फेकला. तोही मला धड फेकता आला नाही. चार हातांवर, मांडीभर नितळ पाण्यात, तो पडला. तळाशी वाळूवर निजलेला दिसत होता.

"चला," रामकिशनराव म्हणाले. "मागं वळून बघायचं न्हाई कुणी. दाजी, तुमी म्होरं."

मी पुढं झालो. माझ्या मागं भक्ती, तिच्या मागं बाकीचे. खिसा इतका हलका लागत होता की मी दोनदा चाचपून बघितला. मला रडू आलं आणि ते मी अडवलं नाही, मागून कुणाला दिसणार नव्हतं.

जीपमध्ये सगळे बसले तेव्हा रामकिशनराव नव्हते. हाका मारल्या. बऱ्याच वेळानं ते आले आणि मागच्या बाकावर माझ्या शेजारी टेकले. धोतर मांड्यांपर्यंत चिंब भिजलेलं होतं, सदऱ्याची एक बाही खांद्यापर्यंत ओली. पाणी ठिबकून माझ्या पायावर पडत होतं.

"मामा, कुठं होता?" भक्तीनं पुढून विचारलं.

"पाय धुवायलो व्हतो."

गाडी निघाली. उसाच्या ट्रॅक्टरमागं हळूहळू चालली होती. मी रामकिशनरावांच्या सदऱ्याच्या खिशाकडं बघितलं. पांढरं कापड ओलं होऊन चिकटलं होतं आणि आत बोटाएवढं काहीतरी आडवं दिसत होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला इतके दिवस नाचवलं, माझ्या हातून ते फेकवून घेतलं, आणि स्वतः! मी तोंड उघडलं. पण ते मान खाली घालून रडत होते. आवाज न करता, खांदे हलवत, बहीण गेल्यापासून पहिल्यांदाच. त्यांचा एक हात त्या खिशावर दाबून धरलेला होता.

"बाबा," भक्ती मान न वळवता म्हणाली, "चाकू गेला ना?"

"गेला," मी म्हणालो.

रामकिशनरावांनी माझ्याकडं बघितलं. "दाजी, म्या..."

चंदा माहेरी निघाली की हेच न्यायला येत. दारात पिशव्या उचलताना मी त्यांना जे सांगायचो, तेच तोंडातून निघालं.

"जपून न्या," मी म्हणालो.